नारिंगी स्लायडर

गेल्या स्नेहसंमेलनानंतर आमच्या वर्गाचा ग्रुप फोटो छापून आला. सगळ्या मुलींच्या डोक्यावर पांढऱ्या ओढण्या होत्या. इतका पांढरा रंग समोर आला की कॅमेरा फसतो. उजेड फार आहे असं समजून तो सगळंच काळवंडून टाकतो आणि चेहरे अंधारात जातात. फोटो काढणाऱ्या मुलानं रॉ फाईल ठेवली होती, त्यामुळे ती दुरुस्त करता आली. एक्स्पोजर थोडं वाढवलं, हायलाइट खाली आणले, ओढण्यांच्या चुण्या परत आल्या, चेहरे उजळले. इथवर छान झालं.

पण तो तिथं थांबला नाही. कुठून तरी उतरवून घेतलेला प्रीसेट त्यानं एका क्लिकमध्ये लावला. छापून आलेल्या फोटोत सत्तावीस मुलींचा रंग एकच, गव्हाळ-गुलाबी. माझ्या वर्गातली एक सावळी, हुशार पोरगी फोटो हातात घेऊन म्हणाली, "सर, यात मी कुठंय?" ती दुसऱ्या रांगेत मधोमध उभी होती.

मी फोटोग्राफर नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण त्या दिवसापासून या विषयाच्या मागे लागलो आणि आता भांडण उकरून काढायचंच ठरवलं आहे.

"रॉमध्ये काढलंय, म्हणजे अस्सल आहे," हे वाक्य चंद्रपुरात वारंवार कानावर येतं. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर येतं, लग्नाच्या मंडपात येतं. हे अर्धसत्य आहे. सेन्सरला रंग दिसत नाही, फक्त उजेडाचं प्रमाण कळतं. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी शोधलेली आणि १९७६ साली पेटंट मिळालेली रंगीत जाळी सेन्सरवर बसवलेली असते. तिच्या दर चार घरांत दोन हिरवी, एक लाल आणि एक निळं. म्हणजे प्रत्येक ठिपक्यावर तीनपैकी एकच रंग मोजलेला असतो, बाकीचे दोन शेजारच्या घरांवरून अंदाजानं भरावे लागतात. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो त्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. कुठल्या पायऱ्या ठेवायच्या आणि कुठल्या टाकायच्या, हे कुणीतरी ठरवतंच.

उर्दू वाचणाऱ्यांना हे पटकन कळेल. काफ आणि लाम लिहिलं, जेर-जबर-पेश दिलं नाही, तर ते 'कल' वाचायचं की 'कुल'? अलिफ आणि सीन म्हणजे 'इस' की 'उस'? अक्षरं तीच. अर्थ वाचणाऱ्याला लावावा लागतो, आणि तो मागचं-पुढचं वाक्य बघून लावावा लागतो, मनाला येईल तसा नाही. रॉ फाईल ही अशीच जेर-जबर नसलेली इबारत आहे. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट ही तिची मात्रा-चिन्हं. म्हणून "आम्ही सेटिंगला हातच लावत नाही" हाही मोठेपणा फुकाचा आहे. तुम्ही नाही लावला, तर कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरनं लावलेला असतो.

माझा आक्षेप हात लावण्याला नाही. आक्षेप आहे तो कुणासाठी स्लायडर कुठल्या बाजूला सरकतो याला.

रॉ उघडणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी सोय असते. माणसाची कातडी कितीही गोरी वा काळी असो, ती बहुतांशी नारिंगीच्या घरातच पडते. वाघही तिथंच पडतो. आता बघा. वाघाचा फोटो असेल तर नारिंगीचं सॅच्युरेशन वर. नवरीचा फोटो असेल तर नारिंगीचा उजळपणा वर, म्हणजे रंग पातळ. भामरागडच्या माडिया आजीचा फोटो असेल तर क्लॅरिटी पार उजवीकडे, प्रत्येक सुरकुती खणून काढलेली, वर काळं-पांढरं. शहरातल्या बाईसाठी तीच क्लॅरिटी डावीकडे, सुरकुत्या गायब. आजीला कुणी विचारलं का, की तिला प्रदर्शनात दुःखाची मूर्ती म्हणून टांगलेलं चालेल का? ती कदाचित त्या दिवशी हसतही असेल.

ही फक्त आवडीनिवडीची बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाघाचा विचार करावा. एप्रिल-मे मध्ये इथला साग निष्पर्ण असतो, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. त्या गवतात बसलेला वाघ दहा पावलांवरूनही नजरेतून निसटतो. हरणाच्या डोळ्याला तर नारिंगी आणि हिरवा वेगळे ओळखताच येत नाहीत. पण फोटोतला वाघ दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा झळकतो. मग मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाईवर हल्ला झाला की शहरातला माणूस विचारतो, "एवढा मोठा वाघ तिला दिसला कसा नाही?" त्याला तो दिसला असता, कारण त्यानं वाघ फक्त सॅच्युरेशन वाढवलेलाच पाहिला आहे.

आणि डिहेझ. अडोबीनं २०१५ साली लाइटरूममध्ये हा स्लायडर दिला. सरकवला की धुरकट हवा स्वच्छ. डोंगरावरच्या धुक्यासाठी ठीक आहे. पण आमच्या शहराला खेटून २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर चौथं होतं. त्याच शहराचे निळ्याशार आभाळाचे फोटो 'आपलं सुंदर चंद्रपूर' म्हणून फिरतात. आमच्या छातीतला धूर एका स्लायडरनं निघत नाही, फोटोतला मात्र निघतो.

"आम्ही काही जोडलं नाही, काही पुसलं नाही," असं उत्तर येईल. रंग न जोडताही अन्याय होतो. १९९४ साली 'टाइम'नं ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर काळवंडून छापला. 'न्यूजवीक'नं तोच फोटो तसाच छापला. दोन्ही अंक शेजारी ठेवल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. उलट उदाहरणही आहे. गाझातल्या दोन चिमुकल्या भावांच्या अंत्ययात्रेचा पॉल हॅन्सन यांचा फोटो २०१३ साली वर्ल्ड प्रेस फोटोचा मानकरी ठरला. त्याचे रंग आणि उजेड इतके घोटीव होते की तो बनावट असल्याचा आरोप झाला. तज्ज्ञांनी रॉ फाईल तपासली आणि फोटो खरा असल्याचा निर्वाळा दिला. फरक फक्त रंग आणि छटांमध्ये केलेला होता. पण तोवर जग मुलांच्या मरणाऐवजी सेटिंगवर बोलत होतं. खऱ्या गवाहीला फार नटवलं की नाकारणाऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

आता आपल्या घरात बघू. "गिऱ्हाईकच गोरा फोटो मागतं," असं स्टुडिओवाला म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही. रिश्त्यासाठी पाठवायचा मुलीचा फोटो उजळून घेणारे आपणच आहोत. मुस्लिम मोहल्ला बातमीत अंधारा दाखवतात म्हणून आपण चिडतो, ते योग्यच आहे. मग आपल्याच लेकीचा रंग खोडताना हात का थरथरत नाही? तिला आपण काय शिकवतो? की तू जशी आहेस तशी दाखवण्यालायक नाहीस.

माझी मागणी साधी आहे. जे डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या जवळ नेण्यासाठी स्लायडर सरकवा, त्याहून दूर नेण्यासाठी नको. ज्याचा फोटो आहे त्याला छापण्याआधी दाखवा. रॉ फाईल जपून ठेवा, कुणी विचारलं तर काढून दाखवता आली पाहिजे. परक्या देशातल्या उजेडासाठी बनवलेले प्रीसेट विकत घेण्यापेक्षा डार्कटेबल किंवा रॉथेरपी उतरवून घ्या, फुकट आहेत, आणि आपल्या उन्हासाठी आपली सेटिंग स्वतः शिका. आणि शेवटची कसोटी: जो स्लायडर तुम्ही माडिया आजीसाठी उजवीकडे नेता, तो तुमच्या आईच्या फोटोवर तेवढाच नेऊन बघा.

आमच्या वर्गाचा फोटो आम्ही पुन्हा छापून घेतला. मूळ रॉ फाईलवरून, प्रीसेट काढून. या वेळी सावळ्या मुली सावळ्या आल्या, गोऱ्या गोऱ्या आल्या, ओढण्या पांढऱ्या आल्या. दोन पालकांनी तक्रार केली की पहिला फोटो जास्त चांगला होता. त्या मुलीनं मात्र दुसरा नेला.