सव्वा महिन्यानंतर आईची शुगर कोण बघणार?

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या दारात चपलांचा ढीग असतो. आत दुपट्यात गुंडाळलेली बाळं, त्यांच्या आया, सोबत एखादी आजी. दीड महिन्याच्या बाळाला त्या दिवशी बरंच काही मिळतं. पेंटाव्हॅलंटचं इंजेक्शन, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसची लस. वजन होतं, कार्डावर नोंद होते, रात्री ताप आला तर काय करायचं ते सिस्टर समजावून सांगतात. आई बाळाचे पाय धरून बसलेली असते. तिला विचारलं जातं ते फार तर एवढंच, की अंगावर पाजतेस ना? चार-साडेचार महिन्यांपूर्वी याच बाईला ‘शुगर निघाली’ म्हणून घर हादरलं होतं, तिच्या ताटातला भात मोजून वाढला जात होता, कदाचित रोज इन्सुलिनची सुईही घ्यावी लागत होती. त्या खोलीत हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

बाळाच्या याच लसीच्या दिवशी आईची साखरही तपासली गेली पाहिजे. त्यासाठी नवं रुग्णालय लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

गरोदरपणातल्या तपासणीची घडी देशात बऱ्यापैकी बसते आहे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारल्या. गरोदर बाई नाव नोंदवायला आली की पहिल्याच भेटीत तपासणी, ती व्यवस्थित आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचं, पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी बोटातून रक्ताचा थेंब द्यायचा. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला की गरोदरपणातला मधुमेह. ते मिट्ट गोड पाणी अनेकींच्या घशाखाली उतरत नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यापासून. पण या चाचणीला उपाशीपोटी यायची अट नाही, हे तिचं मोठं बळ. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ती हिरिरीने मांडली. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, आता देशात गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. उपाशीपोटीच्या चाचणीत सापडल्या असत्या अशा काही जणी हिच्यातून निसटतात, असा आक्षेप मधुमेहतज्ज्ञच घेतात आणि त्यात तथ्य आहे. तरीही पहाटेची एसटी धरून येणाऱ्या बाईला ‘उद्या उपाशी ये’ म्हणून परत पाठवलं तर ती उद्या येतेच असं नाही, हेही तितकंच खरं.

निदान झालं की दोन आठवडे आहारावर भर. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत राहिली नाही तर औषध. इथवर घर, आशाताई, डॉक्टर सगळे जागे असतात.

मग बाळंतपण होतं, वार पडते आणि साखर उतरते. दुखणं समजून घ्यायचं तर ही वार नीट समजून घ्यायला हवी. तिच्यातून निघणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून निभावून नेतं. जिला ते जमत नाही तिची साखर चढते. ही साखर वारेतून बाळापर्यंत पोचते, आईचं इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. म्हणून बाळाचं स्वादुपिंडच जादा इन्सुलिन करू लागतं. बाळ अंगाने फुगतं, बाळंतपणात खांदा अडकायची भीती राहते आणि नाळ कापताच साखरेचा ओघ थांबून नवजात बाळाची साखर धाडकन खाली येऊ शकते. वार बाहेर पडल्यावर आईच्या इन्सुलिनचा अडसर दूर होतो. बहुतेकींची साखर एक-दोन दिवसांत ठिकाणावर येते. सुट्टीच्या कागदावर ‘शुगर नॉर्मल’ असा शेरा पडतो आणि घर सुटकेचा श्वास टाकतं. पण गरोदरपणाचा भार ज्या स्वादुपिंडाला पेलला नाही, ते आईच्या पोटात तसंच असतं.

या दुखण्याची पहिली मोजपट्टी तर आईच्या पुढच्या आयुष्यासाठीच तयार झाली होती. बॉस्टनमध्ये जॉन ओ’सलिव्हन आणि क्लेअर मॅहन यांनी ७५२ गरोदर स्त्रियांच्या चाचण्यांवरून १९६४ मध्ये निकष मांडले. कोणत्या आकड्याच्या वर गेलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह जडतो, हा त्यांचा प्रश्न होता. बाळाला कोणत्या आकड्यापासून धोका आहे याचं मोठं मोजमाप खूप नंतर आलं, २००८ मध्ये, नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गर्भवतींच्या अभ्यासातून. तेव्हापासून सगळं लक्ष बाळाकडे वळलं, आणि जिच्यासाठी हे मोजमाप सुरू झालं ती मागे पडली.

तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका किती? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात तो इतर बायकांच्या जवळजवळ दहापट निघाला. आपल्याकडे हे घड्याळ आणखी जोरात पळतं. भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या १९ रुग्णालयांमधल्या सुमारे १६०० बाळंतिणींवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. साधारण सव्वा वर्षाच्या आत चौघींपैकी एकीची साखर पुढच्या पायरीवर गेलेली होती. दुःखाची गोष्ट अशी की आहार-व्यायामाचे वर्ग घेतलेल्या गटातही चित्र जवळपास तेच राहिलं. सल्ल्याची चार सत्रं तान्ह्या बाळाच्या आईला पुरत नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं. तिच्यामागे कुणीतरी सतत असावं लागतं.

आणि नेमकं तिथेच मोठं खिंडार आहे. मधुमेह, रक्तदाब शोधण्याची सरकारी मोहीम वयाच्या तिशीपासून सुरू होते. गावातली पहिलटकरीण पुष्कळदा विशीच्या सुरुवातीची असते. गरोदरपणात बाविसाव्या वर्षी शुगर निघालेल्या मुलीला कुणी पुन्हा तपासायला यायचं तर मध्ये आठ वर्षं जातात. केंद्राच्याच सूचनांमध्ये भारतातल्या गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १० ते १४ टक्क्यांच्या घरात धरलं आहे. इतक्या मुलींना त्यांच्या धोक्याची आगाऊ वर्दी मिळालेली असते आणि ती वर्दी आपण फाइलमध्ये बांधून ठेवतो.

सूचनांमध्ये बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी उपाशीपोटी ग्लुकोज-चाचणी करा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण सहा आठवडे म्हणजे काय, ते आपल्या घरांच्या पंचांगात बघावं. सव्वा महिना बाळंतीण खोलीबाहेर पडत नाही. शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. पहिलं बाळंतपण माहेरी, नावनोंदणी सासरच्या केंद्रात. सासरच्या आशाताईला वाटतं ती माहेरी आहे, माहेरच्या आशाताईला तिच्या शुगरचा पत्ता नसतो. त्यातून ‘बाळंतिणीला उपाशी ठेवून कुठे नेता?’ हा आजीचा प्रश्न. त्या प्रश्नामागे माया आहे, तिला अडाणीपणा म्हणून झटकणं अन्यायाचं होईल. आजीला सांगायला हवं की रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंतच थांबायचं आहे, पाणी चालतं, आणि आईच्या उपासासाठी बाळाला उपाशी ठेवायचं नाही.

सव्वा महिना संपतो न संपतो तोच घराचा उंबरठा ओलांडायचं एक कारण मात्र प्रत्येक घराला मान्य असतं, ते म्हणजे बाळाची लस. आणखी एक योग असा की आशाताईची घरभेटही त्याच सुमाराला ठरलेली असते. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ पासून ती आशांमार्फत देशभर गेली. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा त्या भेटी. बेचाळीस दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. बाळाची लस, आशाताईची शेवटची भेट आणि आईची राहून गेलेली चाचणी अशा तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येतात. त्यांना एका दोरीत ओवायचं तेवढं बाकी आहे.

अठ्ठाविसाव्या दिवशीच्या भेटीत आशाताईने निरोप द्यावा, लसीच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी ये. केंद्रावर पोचल्यावर पहिला थेंब घ्यावा आणि ग्लुकोजचं पाणी द्यावं. दोन तासांत बाळाचं वजन, लस, लसीनंतरची अर्ध्या तासाची देखरेख, पाजणं सगळं उरकतं. मग दुसरा थेंब. ग्लुकोमीटर तोच, पुडीही तीच. उपास टाळायला ‘तीन महिन्यांची सरासरी’ दाखवणारी एचबीएवनसी करावी, असं कुणी सुचवेल. पण बाळंतपणातल्या रक्तस्रावाने आणि पंडुरोगाने तो आकडा फसवा होतो. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा हा आडरस्ता नको. शहरातल्या खासगी दवाखान्यात तर बालरोगतज्ज्ञाने आईला एकच प्रश्न विचारायचा आहे, ‘गरोदरपणात शुगर होती का?’ बाळंतपण करणारे डॉक्टर तोवर तिच्या आयुष्यातून बाजूला झालेले असतात, बालरोगतज्ज्ञ मात्र तिला महिन्या-दीड महिन्याने भेटतच असतात.

सापडल्यावर करता येण्याजोगं पुष्कळ आहे. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात, पूर्वी गरोदरपणात शुगर असलेल्या आणि आता साखर काठावर आलेल्या बायकांमध्ये आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका जवळजवळ निम्मा झाला. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही तो तेवढाच उतरला. तिथे पाठपुरावा वर्षानुवर्षं चालला होता. इथेही लसींच्याच तारखा त्यासाठी वापरता येतील. नऊ महिन्यांनी गोवर-रुबेलाची लस, दीड वर्षाच्या सुमाराला बूस्टर, दोन्ही वेळी आईचाही आकडा.

यातला सगळ्यात निकडीचा प्रश्न दुसऱ्या बाळाचा आहे. पोटातल्या बाळाचं हृदय आणि कणा पहिल्या सात-आठ आठवड्यांत आकार घेतात, म्हणजे अनेकींनी केंद्रावर नाव नोंदवण्याच्याही आधी. त्या काळात आईची साखर चढलेली असेल तर जन्मजात व्यंगांचा धोका वाढतो आणि नंतर कितीही नेटाने पथ्य पाळलं तरी ते आठवडे परत येत नाहीत. तांबी बसवायची की पाळणा आणखी कसा लांबवायचा, याची चर्चा सहाव्या आठवड्यात होतेच. त्या चर्चेच्या वेळी आशाताईच्या वहीत बाळाच्या वजनाशेजारी आईच्या साखरेचे दोन आकडे हवेत, एक उपाशीपोटीचा आणि एक दोन तासांनंतरचा.