दुआ करा, नंबरही लिहून ठेवा
एका रात्री इशाच्या नमाजनंतर वडनेरमधली एक आई आमच्या दारी आली. बाहेरगावी मुलाला अटक झाली होती. "आता काय करू?" आम्ही दुआ केली, पण उत्तर ठाऊक नव्हतं. पुढं वाचून कळलं ते असं.

अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो; फोन १५१००. पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला बजावलं होतं, अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवा.

कोऱ्या कागदावर सही करू नये. हा नंबर आजच घरच्या वहीत लिहावा.