पडके राहू द्या!

गणपती उठले आणि दादाने माझ्याकडे एक पावतीपुस्तक पाठवून दिले. सोबत चार ओळींची चिठ्ठी होती. गावामागच्या गडाच्या पहिल्या दरवाजाचा जीर्णोद्धार काढला आहे, तुझ्या ओळखीच्या पाच घरांतून वर्गणी हवी, आणि ‘जर्मनीत लोक आपले किल्ले कसे नीटनेटके ठेवतात ते आपण दोघांनी पाहिलेच आहे, तेव्हा तुला जास्त सांगायला नको!’

गडाचे नाव मी सांगणार नाही. सांगितले की भांडण गावाचे होते, आणि मला ते घरातलेच ठेवायचे आहे. (घरातले भांडण दिवाळी अंकात छापणे म्हणजे ते घरात ठेवणे नव्हे, हे मलाही कळते.) बेत असा आहे: दरवाजाची ढासळलेली कमान सिमेंटने उभी करायची, दोन्ही अंगांना नवे बुरूज चढवायचे, आणि सगळ्याला एकसारखा दगडी रंग द्यायचा. जुना दरवाजा कसा होता याचे एकही चित्र समितीजवळ नाही. पण चित्रावाचून कुणाचे अडलेले दिसत नाही.

माझा राग सिमेंटवर तर आहेच. पण त्याहून जास्त तो ‘पाहिलेच आहे’ या दोन शब्दांवर आहे.

दादाने जर्मनी पाहिली ती सहलीच्या बसमधून. आल्प्सच्या पायथ्याचा नॉयश्वानस्टाइनचा किल्ला त्याने अर्ध्या तासात आतून बघितला, कारण तिथे वाटाड्याबरोबर तेवढाच वेळ देतात. परत आल्यावर आम्हां सगळ्यांना फोटो दाखवून म्हणाला, “बघ, शेकडो वर्षांचा किल्ला, पण एक खपली उडालेली नाही!”

खपली उडेल कशी? त्या किल्ल्याचा पाया १८६९ साली घातला. आपले बोरीबंदरचे स्टेशन १८८८ साली पुरे झाले. म्हणजे दादा ज्या इमारतीत लोकल पकडायला धावत असे, तिच्याच वयाचा हा ‘प्राचीन’ किल्ला! बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने तो बांधवला, आणि त्याची चित्रे काढली ती नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांक नावाच्या चित्रकाराने. आत विटा, बाहेरून चुनखडीच्या दगडाचा अंगरखा. गरम हवेचे नळ, विजेच्या घंटा, टेलिफोनसुद्धा. तिथून कधी कुणी एक बाण सोडला नाही की एक तोफ डागली नाही. सिंहासनाचा महाल आहे, सिंहासन नाही. ते बसवायच्या आधीच, १८८६ साली, राजा वारला, आणि काही आठवड्यांतच किल्ला तिकीट लावून लोकांना खुला झाला.

मला लुडविग राजाचा राग येत नाही. आपली मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात, अळीव पेरून रान उगवतात, वर महाराज बसवतात. हा राजा तेच करीत होता, फक्त त्याच्या हाताशी खजिना होता. पण एक गोष्ट मी त्याला माफ करू शकत नाही. ज्या कड्यावर हा किल्ला उभा आहे त्या कड्यावर आधी दोन लहान, खऱ्याखुऱ्या मध्ययुगीन गढ्यांचे अवशेष होते. ते सुरुंग लावून, फोडून, साफ केले, आणि त्या जागी जुन्यासारखा दिसणारा नवा किल्ला बांधला. खरे जुने काढून खोटे जुने बसवले! दादा पाहून आला तो हा नमुना.

आता मी काय पाहिले ते सांगते. माझी लेक मानहाइमला असते. तिच्याकडे दोन महिने राहिले आणि हायडेलबर्गच्या गडावर चार वेळा गेले. चौथ्यांदा लेक कंटाळली म्हणून एकटी. नेकार नदीच्या वर, डोंगराच्या कुशीत, तांबूस दगडाचा तो वाडा उभा आहे. आणि तो पडका आहे. चौदाव्या लुईच्या फौजांनी १६८९ साली तो जाळला, १६९३ साली पुन्हा येऊन सुरुंग लावले. पुढे कार्ल टेओडोर नावाच्या अधिपतीच्या मनात तिथे राहायला जायचे आले, तर १७६४ साली वीज पडून उरलेसुरले जळाले. त्यानंतर गावकरी आपल्या घरांसाठी इथले दगड नेऊ लागले. (हे वाचून आपल्याकडच्या कितीतरी गढ्या डोळ्यांपुढे येतील.) ती लूट थांबवायला उभा राहिला कोण? शार्ल द ग्रेंबेर नावाचा एक फ्रेंच सरदार! १८१० साली हा गृहस्थ तिथे आला, गडावरच राहिला, दगड चोरणाऱ्यांवर पहारा केला आणि त्या भग्न भिंतींची चित्रे छापवून जगभर पोहोचवली. फ्रेंचांनी उडवलेला गड एका फ्रेंच माणसाने राखला, आणि राखला तो पडका राखला.

तिथला दारूकोठाराचा बुरूज बघायलाच मी पुन्हा पुन्हा जात असे. त्याची भिंत वीस फुटांहून जाड. सुरुंगाने तो बुरूज उभा चिरला. पण भिंत इतकी भक्कम की अर्धा बुरूज चुरा न होता अखंडच्या अखंड खाली घसरला, आणि आज तीनशेहून अधिक वर्षे तो खंदकात तसाच रेलून पडला आहे. आतल्या खोल्या, मजल्यांच्या घुमट्या, कापलेल्या कलिंगडासारख्या उघड्या दिसतात. बांधणाऱ्याचे बळ आणि पाडणाऱ्याची दुष्टाई, दोन्ही एका नजरेत. हा बुरूज उद्या कुणी लिंपून उभा केला तर काय दिसेल? एक गोल बुरूज दिसेल. तसे पुष्कळ आहेत.

आणि असे समजू नका की जर्मनांना तो बांधून काढायची हौस नव्हती. होती, आणि भरपूर होती! १८९१ साली जाणत्यांच्या मंडळाने ठरवले होते की गड पुन्हा उभारू नये, आहे तो टिकवावा. तरी त्यातला फ्रीडरिशचा वाडा १८९७ ते १९०० या काळात कार्ल शेफर या वास्तुकाराने नव्याने सजवला. आतली दालने बरीचशी त्याच्याच कल्पनेतली. मग त्याची नजर शेजारच्या ओटहाइनरिशच्या वाड्यावर गेली. त्याला छप्पर नाही. कोरीव पुतळ्यांनी भरलेली दर्शनी भिंत तेवढी उभी आहे, आणि वरच्या खिडक्यांतून आभाळ दिसते. तोही बांधून काढू, असे घाटू लागले. तेव्हा, १९०१ साली, गेऑर्ग डेहिओ या कलेच्या इतिहासकाराने एक पुस्तिका लिहून कडाडून विरोध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की जपावे, नव्याने घडवू नये. कारण तुम्ही जे घडवाल ते जुने नसेल, तुमच्या मनातले असेल. वाद वर्षानुवर्षे चालला. त्या खिडक्यांतून आजही आभाळच दिसते. दादा, जर्मनांकडून शिकायचेच असेल तर हे भांडण शिक!

हायडेलबर्गपासून दहाएक किलोमीटरवर श्वेट्झिंगेनचा राजवाडा आणि त्याची प्रचंड बाग आहे. आम्ही गेलो तेव्हा लिंडेनची झाडे फुलली होती, आणि वासाने जीव वेडा होत होता. तळ्याकाठी एक मर्क्युरीचे देऊळ आहे, पडके. मी आपली श्रद्धेने जवळ गेले, तर लेक हसून म्हणाली, “आई, हे पडकेच बांधले आहे!” खरेच की! अठराव्या शतकाच्या अखेरीस पिगाज नावाच्या वास्तुकाराने मुद्दाम भग्न बांधलेले ते देऊळ. आणि बांधवून घेणारा कोण, तर तोच कार्ल टेओडोर, ज्याच्या हायडेलबर्गच्या वाड्यावर वीज पडली होती. दहा किलोमीटरवर खरा पडका वाडा, आणि बागेत शोभेचा पडका! मी पुष्कळ हसले. पण त्यात फसवणूक नव्हती. बाग म्हणजे खेळ, हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

दादाचा एक मुद्दा मात्र मला खोडून काढावाच लागेल, कारण तो दुबळा नाही. तो म्हणतो, “अगं, अहिल्याबाईंनी देवळांचे जीर्णोद्धार केले, ते चालते, मग गडाचा का नाही?” देवळात देव आहे, दिवा लागतो, पाऊस गळला तर पुजाऱ्याच्या अंगावर गळतो. जे वापरात आहे ते दुरुस्त झालेच पाहिजे. ड्रेस्डेनचे बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलेले चर्च त्यांनी १९९४ पासून २००५ पर्यंत खपून पुन्हा उभे केले, मिळतील ते जुने दगड घेऊन. तिथे आज प्रार्थना होते. आपल्या गडाच्या दरवाजातून मात्र आता कोण शत्रू यायचा आहे? त्याला आता एकच काम उरले आहे, साक्ष देण्याचे. रायगड १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी पेटला, लाकूडकाम जळाले, दगडी जोती उरली. त्या जोत्यांवर उभे राहून आपल्या घशात जे दाटते ते सिमेंटच्या महालात दाटेल का?

“मग नॉयश्वानस्टाइनला जागतिक वारसा म्हणून मान कसा मिळाला?” हेही दादाने फोनवर विचारले. मिळाला, जुलै २०२५ मध्ये; आणि योगायोग असा की त्याच अधिवेशनात आपल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांनाही मिळाला. पण लुडविगच्या किल्ल्याला तो एकोणिसाव्या शतकातले एका राजाचे स्वप्न म्हणून मिळाला, मध्ययुगातला गड म्हणून नव्हे. आपल्या दरवाजावर दादा तसे लिहिणार आहे का, की हे एका समितीचे स्वप्न, अमुक सालचे?

मी त्याला कळवले आहे: तटाच्या भेगांत पिंपळ रुजले आहेत, ते काढा, पावसाचे पाणी भिंतीत मुरते, त्याला वाट करून द्या, कमानीचे पडलेले दगड खाली रानात आहेत, त्यांच्यावर नंबर घाला आणि कुणाला नेऊ देऊ नका. एवढ्यासाठी पाच काय, पंचवीस घरे फिरेन. अजून उत्तर नाही. भाऊबीजेला तो येणार आहे. आवडतो म्हणून नारळीभात करीन, ओवाळीन, आणि उठायच्या आत पावतीपुस्तक त्याच्या हातात देईन, कोरे.