धबधब्याचा चष्मा



माझ्या नणंदेचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, चार-चार तास. धामणगावहून सकाळी अमरावती गाठायची, संध्याकाळी परत. वर्षभरापासून ती बोलेनाशीच झाली होती. दिवाळीत पुण्याच्या पुतण्याने व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा आणला. "काकू, आत्या घरबसल्या जंगलात जाईल, मन हलकं होईल." चढवला. पक्षी, झाडी, मोठा धबधबा. काढल्यावर ती म्हणाली, "वहिनी, पाणी तं लय होतं, पन मले डाक्टरनं दिवसाचं एकच लिटर सांगतलं हाय."

आम्ही हसलो. रात्री मला झोप लागली नाही.

चष्म्याशी माझं भांडण नाही. ज्याला कूसही बदलता येत नाही, त्याला घडीभर चिखलदरा दिसला तर दिसू द्या. मळमळ होत नाही ना, तेवढं पाहा. भांडण आहे ते, एवढं केलं की आपण सुटलो, या समजुतीशी. एका दवाखान्यात पार्किंगसाठी आवारातला कडुनिंब तोडला आणि आत भिंतीवर जंगलाचा कागद चिकटवला. मी बी.कॉम. आहे बाप्पा, हा जमाखर्च मला जुळत नाही.

1984 मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, वेदनेची कडक औषधंही त्यांना कमी लागली. साधी खिडकी! आणि आपल्या अमरावतीचं तपोवन? दाजीसाहेब पटवर्धनांनी 1946 मध्ये ते कुष्ठरुग्णांसाठी वसवलं. घरच्यांनी टाकलेल्यांना तिथे काम मिळालं, सोबत मिळाली.

वैयावृत्त्य आपल्याकडे अंतरंग तपात मोजतात. ते यंत्राकडून कसं करवून घेणार? झाड आपल्यासाठी एकेंद्रिय जीव. चष्म्यातल्या झाडाला पाणी घालावं लागत नाही, म्हणून ते सोयीचं. आणि चष्मा चढवला की आजारी माणूस आपल्याकडे पाहत नाही, हेही सोयीचंच.

उदासी हा आजार आहे, त्याला डॉक्टर हवाच. टेलिमानसचा 14416 हा फोन फुकट आहे. नणंदेची गोळी सुरू आहे. शिवाय सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की तिची खुर्ची मी मागच्या अंगणात ठेवते.

परवा तिथूनच ओरडली, "वहिनी, जास्वंदीले पाणी कमी पडलं!"

उठले, बादली भरली.