विषारी वायू आणि ‘शत्रूने वापरला तर’

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडारही आहे. युद्धाचा निषेध आणि युद्धाची सिद्धता दोन्ही येथे शेजारी नांदतात. म्हणूनच युद्धात विषारी वायूला स्थान असावे काय, हा प्रश्न येथील कार्यकर्त्यांना परका मानता येणार नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावी, म्हणजेच पुढील सेवाग्रामी, राहावयास आले. त्याच आठवड्यात, ५ मे रोजी, मुसोलिनीच्या फौजा अदिस अबाबात शिरल्या. त्यापूर्वी कित्येक महिने इटलीची विमाने इथिओपियाच्या अनवाणी सैनिकांवर व खेड्यांवर मस्टर्ड वायू सोडीत होती. विषारी वायूच्या वापरास बंदी करणारा १९२५ चा जिनिव्हा करार इटलीने मान्य केलेला होता.

व्यवहारवादी यावर म्हणतात : इथिओपियाजवळ वायू नव्हता, म्हणूनच तो तिच्यावर सोडला गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व जर्मनी दोघांजवळ साठे होते, म्हणून त्यांनी तो एकमेकांवर सोडला नाही. सबब, साठा असावा, वापर नसावा. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिनिव्हा कराराची बंदीही वापरावर होती, बाळगण्यावर नव्हती. आणि शत्रूने वापरल्यास आपण मोकळे, अशी सवलत अनेक राष्ट्रांनी राखून ठेवली होती.

परंतु इथिओपिया बुडाली ती वायूच्या अभावी नव्हे. राष्ट्रसंघाने इटलीचे तेल तोडले नाही. ब्रिटनने सुएझ कालवा तिला बंद केला नाही. शिवाय साठा निरुपद्रवी नसतो. ‘वापर नसावा’ म्हणणाऱ्या ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकापासून रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. शस्त्र शत्रूसाठी होते, कातडी मात्र गुलाम देशातील शेतकऱ्याच्या पोरांची भाजली.

स्वतंत्र भारताचा हिशेबही मांडला पाहिजे. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी रासायनिक अस्त्रे निर्माण वा संपादन न करण्याची संयुक्त घोषणा केली. नव्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १९९७ साली भारताने सुमारे १,०४४ टन मस्टर्डचा साठा जाहीर केला, तेव्हा कोठे जनतेला त्याचा पत्ता लागला. २००९ पर्यंत तो साठा आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली संपूर्ण नष्ट झाला. त्यामुळे देश दुबळा झाला, असे आजवर कोणी दाखवून दिलेले नाही. मग तो कोणाच्या संमतीने जमविला होता?

प्रश्न तेथेच मिटलेला नाही. जानेवारी २००३ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या अण्वस्त्र धोरणात एक कलम आहे : रासायनिक वा जैविक अस्त्रांनी भारतावर मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय खुला राहील. म्हणजे विष टाकून दिले, पण ‘शत्रूने वापरला तर’ ही जुनी पळवाट अधिक भयंकर रूपात राखून ठेवली. हल्ला करणारा सेनापती खंदकात सुरक्षित राहील. मरतील ते त्याला ज्यांनी कधी निवडले नाही असे गिरणीकामगार, शेतमजूर आणि त्यांची मुले.

समाजवाद्यांची भूमिका येथे निःसंदिग्ध हवी. देशाचे संरक्षण आम्हांस मान्य आहे. निरपराध जनतेच्या सरसकट संहाराला संरक्षण म्हणणे मान्य नाही. हे कलम रद्द व्हावे, अशी मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सभांतून केली पाहिजे आणि संसदेत त्यावर उघड चर्चा घडवून आणली पाहिजे.