पॉश कोणाला म्हणता?

दोस्तांनो, पॉश हा शब्द स्तुतीला वापरणं आधी बंद करा. पॉश एरिया, पॉश हॉटेल, पॉश मंडळी. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, साच्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. त्यांनाही आपलीच माणसं मान वर करून पॉश म्हणतात! इंग्लंडातला कामगार हाच शब्द बऱ्याचदा नाक मुरडून फेकतो.

त्याच्या भात्यात असे पुष्कळ आहेत. टॉफी-नोज्ड म्हंजे नाक वर करून चालणारा. प्लमी म्हंजे तोंडात आलुबुखार धरून बोलल्यासारखा आवाज. ला-डी-दा तर साहेबाच्या नखरेल उच्चाराची निव्वळ नक्कल. आपल्याकडं पोरगं ‘आनी-पानी’ बोललं की वर्ग फिदीफिदी हसतो. तिकडं खालचाही वरच्याच्या जिभेला हसतो. हे आपण कधी करणार?

वरचे काय गप्प बसलेत? 1954 साली ॲलन रॉस नावाच्या प्रोफेसरानं वरच्या वर्गाची बोली कशी ओळखायची ते मांडलं. नॅपकिन म्हणणारा वरचा, सर्व्हिएट म्हणणारा खालचा. एवढ्याशा फडक्यावरून माणसाची पायरी ठरते. सोवळं काय फक्त आपल्याच देशात आहे?

आणि स्नॉब. अठराव्या शतकात स्नॉब म्हणजे जोडे शिवणारा. चांभार! मग केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या सामान्य माणसाला स्नॉब म्हणू लागले. 1848 साली थॅकरेचं ‘बुक ऑफ स्नॉब्ज’ निघालं, त्यात स्नॉब म्हणजे वरच्यांची नक्कल करत मिरवणारा. म्हंजे शिवी बड्यांच्या मिजाशीला, अन् नाव जोडे शिवणाऱ्याचं. वर शहाणे सांगतात, हा शब्द ‘उमरावकी नसलेला’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आला. त्याला काडीचा पुरावा न्हाय. चांभाराच्या शब्दालाही लॅटिन बाप चिकटवतात, साले.

पॉशचंही तेच. म्हणे हिंदुस्थानला येणारे साहेब बोटीत जाताना डाव्या, परतताना उजव्या बाजूची गार केबिन घ्यायचे, त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापलेली असायची. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. भटक्या रोमानी लोकांच्या भाषेत पॉश म्हणजे अर्धा. त्यावरून लंडनच्या चोरबोलीत अर्ध्या पेनीला पॉश म्हणत, पुढं नुसत्या पैशालाही. आजचा पॉश त्यातूनच आला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. पक्कं कुणीच सांगत नाही. पण भटक्यांची ही गोष्ट दिवाणखान्यात कोण सांगतो? तिथं बोटीचीच चालते.