एकाच चिठ्ठीवर परस्परविरोधी औषधे

अल्झायमरमध्ये मायनर्ट केंद्रकातील कोलिनर्जिक पेशी झडतात आणि कॉर्टेक्सला मिळणारे अ‍ॅसिटिलकोलिन आटते. १९७६ ते १९८२ या काळात हे चित्र स्पष्ट झाले आणि त्याच्याच आधारे पुढे डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलंटामिन बाजारात आली. ही औषधे उरलेले अ‍ॅसिटिलकोलिन टिकवून धरतात, पेशींची झड थांबवत नाहीत. म्हणून अ‍ॅसिटिलकोलिनच्या मस्कारिनिक रिसेप्टरवर थेट काम करणाऱ्या औषधांचा शोध सुरू झाला.

तो वारंवार दुष्परिणामांपाशी अडला. झॅनोमेलिन या अशाच औषधाच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३४३ रुग्ण होते. भास व संशय कमी झाले, पण उलट्या आणि घेरीमुळे जास्त मात्रेवरील अनेकांनी औषध सोडले. सेव्हिमेलिन अल्झायमरसाठी विकसित होत होते. अखेर ते स्योग्रेन आजारात कोरड्या पडणाऱ्या तोंडावरचे औषध ठरले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिनला ट्रॉस्पियमची जोड देऊन स्किझोफ्रेनियासाठी मान्यता मिळाली. ट्रॉस्पियम मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे ते फक्त शरीरातले दुष्परिणाम अडवते. अल्झायमरसाठी ही मान्यता नाही.

नवीन औषधाची वाट पाहणाऱ्या याच वैद्यकीय व्यवसायात रोजच्या चिठ्ठीवर मस्कारिनिक रिसेप्टर सर्रास बंद केले जातात, हे खेदजनक आहे. डोनेपेझिलने लघवीची घाई वाढते. नातेवाईक रुग्णाला मूत्ररोगतज्ज्ञाकडे नेतात, तिथे हेच रिसेप्टर बंद करणारे ऑक्सिब्युटिनिन सुरू होते. ते मेंदूत शिरते, गोंधळ वाढतो आणि आजार बळावला असे समजून डोनेपेझिलची मात्रा चढवली जाते. कॅनडातील ऑन्टारियोत स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ हजार वृद्धांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा डोनेपेझिलसारखे कोलिनेस्टरेज रोधक घेणाऱ्यांना अशी लघवीची औषधे अधिक प्रमाणात दिली गेल्याचे दिसले. तो अभ्यास २००५ चा आहे. इतक्या वर्षांनंतरही ही साखळी न ओळखणे अक्षम्य आहे. झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन आणि सर्दीसाठी दुकानातून थेट घेतलेली क्लोरफेनिरामिनची गोळी यांचा भार वेगळाच, आणि तो कोणाच्याच केसपेपरवर नसतो.

त्यात आपल्याकडच्या जोडगोळ्यांची भर. रिस्पेरिडोन आणि मस्कारिनिक रिसेप्टर बंद करणारे ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत मिळतात. चिडचिड करणाऱ्या वृद्धाला ती दिली की कंप किंवा ताठरपणा नसतानाही ट्रायहेक्सिफेनिडिल पोटात जाते, आणि एक घटक थांबवायचा तर दुसराही थांबतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३४४ जोडऔषधांवर बंदीचा आदेश काढला. तरीही वृद्धांच्या मेंदूला घातक ठरणाऱ्या अशा जोडीच्या वेष्टनावर ठळक इशाराही सक्तीचा नसावा, ही औषध नियंत्रकांची ढिलाई आहे.

नियंत्रक जागे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक भेटीत घरातली सगळी औषधे पिशवीसकट मागवावीत, सर्दीच्या गोळ्याही. लघवीची नवी तक्रार आली की आधी डोनेपेझिल सुरू केल्याची किंवा वाढवल्याची तारीख पाहावी. मात्रा कमी करून भागत नसेल, तर रक्तदाब तपासून मिराबेग्रॉनचा विचार करावा. औषधविक्रेत्यांनी डोनेपेझिलच्या चिठ्ठीसोबत ऑक्सिब्युटिनिन दिसताच डॉक्टरांना फोन करावा, आणि डॉक्टरांनी तो हस्तक्षेप मानू नये. ट्रायहेक्सिफेनिडिल मात्र एकदम बंद करू नये. जोडगोळीऐवजी दोन्ही घटक सुटे लिहून त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी.